थोपटलं की सोडायचं

सिनेमाच्या जमेच्या बाजू मोजायला वितरकाने हात पुढे केला, पण दोनच बोटं उघडली.

"मारामारी खरी आहे. आणि दोघी बायका डमी न घेता लढतात. संपलं. आता पुढचं सांगू का?"

"सांगा," दिग्दर्शक म्हणाला. नाही म्हणण्याची त्याची ऐपतच नव्हती.

"कथेचा पत्ता नाही. गुंडांची टोळी म्हणता, तर तेच चौघे मिशा बदलून बदलून मार खातात. एकाची मिशी तर पडता पडता सुटलीय. आणि डोंगरावर धुकं आहे ते..."

"डास मारायचं मशीन."

"तरीच मला बघतानाच खोकला येत होता." मग तो नायिकेकडे वळला. "वहिनी, राग मानू नका. तुम्ही हाणता झकास. पण रडायला लागलात की शिंक अडकल्यासारखं दिसतं."

नायिकेने राग मानला नाही. ती दिग्दर्शकाची बायको होती, अभिनय येत नाही हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. तिला येत होती ती कुस्ती, पकडी, फेकी. धाकट्या बहिणीबरोबर ती मुलींना तेच शिकवायची. त्या वर्गात सगळे तिला थोरली म्हणत आणि बहिणीला धाकटी. सिनेमात थोरली नायिका झाली, धाकटी खलनायिका. दुसरं कुणी एवढ्या पैशांत हाडं मोडून घ्यायला तयार नव्हतं.

"पण तो गळा आवळायचा शॉट!" वितरकाचा आवाजच बदलला. "ती बाई मरतेय असं वाटतं हो. डोळे काय, हात काय! तेवढ्यावर मी सिनेमा उचलतो. तो काढलात तर मात्र रामराम."

"तो काढायचाय," थोरली म्हणाली.

"का?" नवऱ्याने विचारलं. गेल्या महिन्याभरात त्याने हे दहादा विचारलं असेल, आणि दर वेळी थोरलीला एकदम काहीतरी काम आठवायचं.

कारण साधं होतं, फक्त सांगण्यासारखं नव्हतं. वर्गात पहिल्या दिवशी पहिला नियम शिकवतात : समोरचीने अंगावर दोनदा थोपटलं की सोडायचं. त्याच क्षणी. का, कशाला, खरंच का, काही विचारायचं नाही. पण पटकथेत खलनायिका जमिनीवर हात आपटून दयेची भीक मागते आणि नायिका सोडत नाही, असं होतं. म्हणून दोघींनी ठरवलं, कॅमेऱ्यासमोर हात आपटणं धरायचं नाही. खरंच जड गेलं तर मांडीला चिमटा.

ठरवताना सोपं वाटलं. श्वास कोंडल्यावर मात्र धाकटीला चिमटा आठवला नाही. अंगाला लहानपणापासून जे ठाऊक होतं तेच अंगाने केलं. तिने जमीन सोडून थोरलीच्या दंडावर दोनदा थोपटलं. थोरलीला ते कळलं. पण तिला वाटलं, ही पदरचं घालतेय, नेहमीसारखी. शॉट रंगलाय म्हणून नवरा 'कट' म्हणेना, आणि तो म्हणेना म्हणून थोरलीने सोडलं नाही.

संध्याकाळी धाकटीचं तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला. मानेतली रक्तवाहिनी फाटली होती. त्याच सकाळी ती जिन्यावरून गडगडण्याचा प्रसंग स्वतःच करून आली होती, त्यामुळे सगळ्यांनी जिन्यावर खापर फोडलं. जिना काही बोलणार नव्हता. धाकटीला त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. आणि थोरली तिला आपल्या घरी ठेवून रोज तिच्या डाव्या हाताला तेल चोळत होती, बोटं एकेक करून उघडत होती, मिटत होती.

"असं करू, तिलाच दाखवू," वितरक म्हणाला. माणूस हिशेबी. "आजारी बाई आहे, उद्या भानगड नको. ती हो म्हणाली तर तुमचं आमचं जमलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याने धाकटीला आणलं. संकलनाच्या त्या कोंदट खोलीत एसी गळत होता, खाली बादली. थोरली तिच्या डाव्या बाजूला बसली आणि सवयीने तिचा हात हातात घेतला.

धाकटीचे शब्द हळू यायचे, पण जिभेची धार गेली नव्हती. "भाऊजी... हा गुंड... मघाशीच मेला ना?"

"त्याचा भाऊ आहे तो."

"मिशी... तीच." मग थोरली पडद्यावर रडायला लागली. "ताई... रुमाल देऊ?"

वितरक खो खो हसला. थोरलीही हसली असती. पण तिचं लक्ष पुढे येणाऱ्या शॉटवर होतं. तो आला. पडद्यावरच्या धाकटीने जमिनीवर हात आपटले, पटकथेप्रमाणे. मग हात उचलला आणि दंडावर दोनदा थोपटलं. मग हात गळून पडला.

"परत," धाकटी म्हणाली.

परत लावलं. या खेपेला ती बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होती, पडद्यावरच्या नव्हे, शेजारच्या. थोरलीने मान वर केली नाही.

"काय वाटतं?" वितरक उतावीळ झाला होता. "ठेवायचा ना?"

बादलीत पाणी टपकत होतं.

"ठेवा," ती म्हणाली. "सिनेमात... दुसरं खरं... काय आहे?"

नवऱ्याने सुस्कारा सोडला. वितरक लगेच फोन काढून बाहेर गेला.

मग धाकटीने चांगला हात उचलला, मांडीवरून पलीकडे नेला आणि थोरलीच्या दंडावर दोनदा थोपटलं. हलकेच, वर्गातल्यासारखं.

थोरलीची पकड त्याच क्षणी सुटली. धाकटीचा डावा हात तिच्याच मांडीवर पडला, बोटं अर्धवट मिटलेली, सकाळचं तेल अजून चमकत होतं. थोरलीने तो उचलायला हात पुढे केला.

"नको," धाकटी म्हणाली. मग तिच्यापलीकडे बघत, "भाऊजी... मला आईकडे सोडा. सामान... नंतर न्या."

"अगं, पण तेल कोण लावणार तुला?" त्याने भाबडेपणाने विचारलं.

शॉट अजून फिरत होता. पडद्यावर थोरली आवळत होती, आणि खरंच झकास करत होती.