मशीनच्या पायाखालची तबकडी

मित्रांनो, उठून नमस्कार करायची सोय नाही, तेव्हा पडल्या पडल्याच सांगते. मी एक जुनी बिडाची तबकडी आहे. मला ओतले तेव्हा मी अगदी ओबडधोबड होते. एका कारागिराने महिनाभर खरवडून मला इतके सपाट केले की माझ्यावर पट्टी उभी धरली तर खालून उजेडसुद्धा जात नसे. त्या सपाटपणाचा मला भारी तोरा होता. शेवटी त्या सपाटपणानेच माझा घात केला.

आमच्या कारखान्यात पंपांसाठी सिरॅमिकच्या रिंगा बनत. सिरॅमिक म्हणजे कपबशीचेच भावंड, पण भलतेच हट्टी. त्याला घासायला हिऱ्याची भुकटीच लागते. ती तेलात कालवून माझ्यावर पसरायची आणि मी गरागरा फिरत असताना रिंग दाबून धरायची, हे मावशीचे काम. साऱ्या कारखान्याची ती मावशी. एका रिंगेला दोन तास लागत. मग ती रिंग दोऱ्याला टांगून लाकडी दांडीने हलकेच वाजवी. खणखणीत वाजली तर रिंग पास. बद्द वाजली तर आत तडा आहे असे समजून ती रिंगेच्या आतल्या बाजूला लाल पेन्सिलीने फुली मारी आणि रिंग बाजूला ठेवी. सव्वीस वर्षांत तिचा कान एकदाही चुकला नाही.

मग लेझरचे मशीन आले. त्याचा किरण रिंगेवरून फिरे, वरचा पापुद्रा क्षणभर वितळे आणि रिंग आरशासारखी होई. चार मिनिटांत! खरे सांगते, माझा जळफळाट झाला. पण मशीन खोटे नव्हते. त्याची एकच अट होती: रिंग आधी भट्टीत सावकाश तापवायची, नाहीतर एकदम बसलेल्या आचेने ती आतून तडकते. ऑर्डरची घाई झाली तसा साहेबांनी भट्टीला फाटा दिला. मशीन चालवणारा चष्मेवाला मावशीच्याच हाताखाली शिकलेला होता. त्याने "बरं साहेब" म्हटले आणि भट्टी बंद केली.

मावशीने त्या दिवशीच्या चाळीस रिंगा वाजवल्या. अकरा बद्द निघाल्या. फुल्या मारून ती साहेबांकडे गेली.

"साहेब, या पाठवू नका. आतून गेल्यात."

"अहो मावशी, आरशासारख्या दिसतायत की! तुमचं काम कमी झालं म्हणून मशीनवर राग काढू नका."

अकराच्या अकरा रिंगा खोक्यात गेल्या.

तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाकडे पंप फुटला. उकळते पाणी उडून तिथल्या कामगाराचा हात कोपरापर्यंत भाजला. इतर पंप उघडले तर त्यांतल्याही काही रिंगा तडकलेल्या. त्या सगळ्या परत आल्या आणि प्रत्येकीच्या आत लाल फुली होती. चौकशीला आलेल्या माणसासमोर साहेबांनी एक तुकडा पुढे केला.

"मावशी, ही खूण कुणाची?"

"माझीच. पण मी तर..."

"बघा, म्हणजे या हाताने घासलेल्या. मशीनच्या रिंगेला पेन्सिल कशाला लागेल?"

मावशी चष्मेवाल्याकडे वळली. "अरे, तू तरी सांग ना, भट्टी कधी बंद केलीस ते!"

तो चष्मा पुसत राहिला. तिनेच त्याला बोट धरून शिकवले होते. त्या चष्म्याचा मला आजही संताप येतो.

मावशीला दुपारीच घरी पाठवले. जाण्याआधी तिने मला फडक्याने पुसले आणि गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवला. तिला पोचवायला फाटकापर्यंतही कोणी गेले नाही.

मशीनचा एक पाय जरा आखूड होता, त्यामुळे ते डुगडुगायचे. कारखान्यात माझ्याइतके सपाट दुसरे काही नव्हते. चष्मेवाल्यानेच मला त्या पायाखाली सरकवले.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची तर खुशाल टाका. पण ज्याला आतला तडा ऐकू येतो, त्या माणसाला जपा.

भट्टी अजून थंडच आहे. आत्ताच वर एक रिंग निवत होती, आणि मशीनच्या पायातून मला बारीकसा 'टक्' ऐकू आला. बहुतेक चष्मेवाल्यालाही आला. मावशीची दांडी अजून खिळ्याला लटकते आहे. त्याने तिच्याकडे पाहिले. मग रिंगेवर फुंकर मारली आणि ती खोक्यात ठेवली.