वेड्यांनी कुठल्या भाषेत बोलायचं?

ऐक गे सुमंगला. मधे बोलू नको, नुसतं ऐक. तुला कोणी काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. डिचोलीच्या बाजारात बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावतात, ते काय मला दिसत नाही? पण झालं काय ते आधी माझ्याकडून ऐक.

आमची बालवाडी देवळाच्या मंडपात भरते. शिकवायला मी, आणि उसळ शिजवायला, पोरांची नाकं पुसायला हौसा. हौसा म्हणजे ती बेळगावकडची गे, नवरा खाणीवर आहे, लायनीच्या खोल्यांत राहतात. तिची राणी पण आमच्याकडेच बसते, साडेचार वर्षांची, भारी बोलकी. मी अजून टेम्पररी. जूनमध्ये मला पर्मनंट करायचं की काढायचं ते कमिटी ठरवणार, आणि कमिटी म्हणजे कोण? जयरामकाका गिरणवाले आणि दत्तारामकाका पंच. बाकीचे माना हलवायला. आणि नोकरी गेली तर बाबांनी मोप्याचं स्थळ बघूनच ठेवलंय. सड्यावर एकटं घर, माणूस माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, पहिली बायको गेलेली. बाबा म्हणाले, "जूनपर्यंत काय ते बघ, मागीर माझं ऐक." कळलं? जूनपर्यंत.

तर शनिवारी मी पोरांना वेड्यांच्या गोष्टी सांगते. पाव पेरणाऱ्या वेड्या पिशांची तर त्यांना तोंडपाठ. गावात पहिल्यांदाच पोदेर पाव विकायला येतो, सगळे पाव खातात, आवडतात, मग चार पाव बियाण्याला ठेवतात. वाफा करतात, शेण घालतात, पाव पुरतात, वर पाणी. सकाळी बघतात तर पाव भिजून हे एवढे फुगलेले! लागले नाचायला. मुंग्या आल्या तर म्हणतात, राखणदार देवानं राखण पाठवली. शेवटी कुत्रा येतो, सगळं उकरून खातो, तर हे काय करतात? हात जोडून त्याच्या मागून धावतात, "कापणी तू केलीस, आता आमचो वांटो दी!"

आता असली गोष्ट आपल्याकडे सांगतात कशी? सांगणारा मराठीत सांगतो, शाळेतल्यासारखं, आणि पिशे तोंड उघडतात ते घरच्या कोंकणीत. "पाव फुगलो मरे! रुजलो मरे!" असं. हे कोणी ठरवून दिलेलं नाही. माझी आई तशीच सांगते, तुझे पप्पा तसेच सांगायचे. मी पण तशीच सांगितली. वर्षभर सांगत होते, कोणाच्या पोटात दुखलं नाही.

पण हे दिवस कसले! गोव्याची राजभाषा कोंकणी, असा कायदा होऊन महिना झालेला. डिसेंबरात भाषेच्या आंदोलनात रस्ता अडवायला पाडलेली झाडं अजून कडेला सुकत पडलीत. आमच्या वाड्यावर तर दोन फळ्या, कोंकणीवाल्यांचे पुढारी दत्तारामकाका, मराठीवाल्यांचे जयरामकाका. अर्धी माणसं जयरामकाकांच्या गिरणीची पायरी चढत नाहीत, दळण डोक्यावर घेऊन डिचोलीला जातात. त्यात दत्तारामकाकांचा नातू घरी जाऊन ओरडला, "रुजलो मरे!"

सोमवारी दत्तारामकाका मंडपात. चपला पण काढल्या नाहीत.

"सिद्धी, कोंकणी उलयता तो पिसो काय गे?"

मी म्हटलं, "काका, गोष्ट आहे ती..."

"तुज्या काणयेंत शाणो मराठी उलयता आनी पिसो कोंकणी. हें कोणें शिकयलें तुका? त्या गिरणकारान?"

पोरं बघत होती. मी म्हटलं, चुकलं काका. आणि सुमंगला, मला वाटलं मी केवढी हुशार! पुढच्या शनिवारी मी उलटं केलं. सांगणं सगळं घरच्या बोलीत, आणि पिशे बोलायला लागले की पुस्तकातल्यासारखे. "अहाहा! पाव अंकुरला! किती शोभून दिसतो!" पोरं हसून हसून लोळायला लागली. खरं सांगते, तशी गोष्ट माझी कधीच रंगली नव्हती.

संध्याकाळी जयरामकाका आमच्या दारात. बाबांच्या समोर. "शाळेत मराठी शिकलीस, त्या मराठीवर बालवाडीत लागलीस, आणि आता तिलाच वेडी ठरवतेस? दत्तारामाने नोकरीचं आश्वासन दिलं की काय तुला?"

बाबा नुसते माझ्याकडे बघून म्हणाले, "जून."

मग तिसऱ्या शनिवारी मी म्हटलं, मरूदे, पिशे बोलणारच नाहीत! मुके! मी आपली हातवारे करतेय, वाफा खणतेय, पाणी घालतेय, नाचतेय. पोरं रुसून बसली. "बाई, बोला ना! बाई, पिसो उलयना कित्याक?" आणि इतक्यात राणी उठली, कंबरेवर हात ठेवले नि ओरडली, "आला की वं! पाव आला की वं!"

संपलं. सगळ्या पोरांना तेच आवडलं. घरी जाताना वाटेभर, "आला की वं, आला की वं!" दत्तारामकाकांचा नातू तेच, जयरामकाकांची नात तेच.

रविवारी सकाळी मंडपात मीटिंग. एका खांबाजवळ दत्तारामकाका नि त्यांची माणसं, समोरच्या खांबाजवळ जयरामकाका नि त्यांची, मधे मी. हौसा मागे भांडी घासत होती, राणी तिच्याजवळ.

"आमची भास मस्करेक लायली, पयली ही गजाल!" दत्तारामकाका.

"मस्करी आमच्या भाषेची केली तिने! 'शोभून दिसतो' म्हणे!" जयरामकाका.

"तुज्याच मराठी शाळेंतली ती, तुवेंच शिकयलां!"

"मी? तू सोमवारी येऊन धमकावून गेलास म्हणून तिने केलं!"

"आणि आता पोरं घाट्यांसारखी बोलतात, ते कोणी केलं?" मागून कोणी तरी.

मग दोघेही माझ्याकडे वळले. जयरामकाका म्हणाले, "एकच सांग. ही गोष्ट मंडपात आणली कोणी? तू आणली असशील तर उद्यापासून येऊ नको."

"येवंकच नाका," दत्तारामकाका म्हणाले.

मला सड्यावरचं ते घर दिसायला लागलं. बाबा मंडपाच्या पायरीवर बसलेले. आणि माझ्या तोंडातून निघालं,

"हौसाने. हौसा सांगते ती पोरांना. मी नाही."

हौसा उठली, हातांना राख तशीच. मला वाटलं शिव्या देईल. तर ती जयरामकाकांना म्हणाली, "मालक, आमच्यात भाकरी असती. पाव म्हंजे काय ते मी लग्न करून हितं आल्यावर बघितलं. ही गोष्ट माझ्या गावाची असंल कशी?"

आता तू सांग, ही साधी गोष्ट कोणाला कळत नव्हती? पोदेर सायकल घेऊन कोणाच्या गावात फिरतो? सगळ्यांना कळत होतं! मी दत्तारामकाकांच्या डोळ्यांत बघितलं, त्यांना कळलं होतं. जयरामकाकांना पण. आणि राणी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाईंनीच सांगितली. दर शनिवारी सांगत्यात."

कोणी ऐकलं नाही.

"तरी म्हटलं," जयरामकाका म्हणाले, "पोरांची तोंडं बिघडली कशी."

"हांका हाडूंकच नाका आसलें," दत्तारामकाका म्हणाले. ह्या लोकांना इथं आणायलाच नको होतं म्हणे!

वर्षभरात पहिल्यांदा, सुमंगला! एकाच्या तोंडचं वाक्य दुसऱ्याने पुढे नेलं. एकाने म्हटलं उद्यापासून दुसरी बाई बघू, दुसऱ्याने म्हटलं लायनीवरची पोरं पण नकोत, जागा पुरत नाही. जागा! अठ्ठावीस पोरं त्या मंडपात, शंभर बसतील. ह्या खांबाजवळच्या माना हलल्या, त्या खांबाजवळच्या हलल्या.

हौसाने राणीचा हात धरला. मला वाटलं गेली आता. पण ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातभर अंतरावर.

"बाई, जाते मी. पन एकदा माझ्याकडं बघून म्हना. मगाशी तुमी खाली बघून म्हनालात."

मी जर तेव्हा खरं बोलले असते तर दोघांनी मिळून मला फाडून खाल्लं असतं, तेव्हा तर ते एक झाले होते. बाबा पायरीवरून उठलेले.

मी वर बघितलं. तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "तूच सांगितलीस, हौसा."

ती नुसती "बरं" म्हणाली नि पोरीला घेऊन उन्हातून चालायला लागली.

आता तशी बघू नको माझ्याकडे. तू पण त्या बाजारातल्या बायकांसारखीच बघतेस. तुला घरच्यांनी कॉलेजात घातलं, तुला कोणी जून दाखवला नाही. बोल ना. तिथं, मंडपात, त्या सगळ्यांच्या मधे तू उभी असतीस, तर तू काय केलं असतंस?