बिननावाची टेप

रेडिओवरच्या शुक्रवारच्या संगीतसभेत एक रिवाज होता. एकच रचना दोन वादकांच्या हातची ऐकवायची, नावं सांगायची नाहीत आणि समोर बसलेल्या जाणकारानं बेधडक निकाल द्यायचा. मग श्रोत्यांचे फोन. जाणकार नेहमी एकच, ठरलेले. पेपरात संगीतावर लिहिणारे हे समीक्षक, त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘कात्री’ म्हणत.

आज निवेदन करणाऱ्या बाईंनी त्या दोन टेपांत एक गुपचूप सरकवली होती, स्वतःच्या वडिलांची. अण्णा एकेकाळी पियानो वाजवायचे, आणि काय वाजवायचे! पण याच कात्रीनं लिहिलं, ‘हा गृहस्थ पियानोवर टायपिंग करतो.’ झालं! अण्णांनी पियानो बंद केला तो केलाच. लेकीनं विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, नातवंडांना पुढे केलं, म्हातारा ढिम्म. आज कात्रीच्याच तोंडून चांगलं वदवून घ्यायचं आणि अण्णांना पुन्हा वाजतं करायचं, असा बाईंचा बेत होता. भीती? छे! निकालाबद्दल त्यांना शंकाच नव्हती. अण्णांना त्यांनी ‘आज रेडिओ लावाच’ एवढंच सांगितलं होतं.

“बाई, अजून विचार करा,” टेप लावणारा तंत्रज्ञ म्हणाला. “तो माणूस सख्ख्या भावाला सोडत नाही.”

“तू लाव रे. मी आहे ना.”

पहिली टेप झाली. मग अण्णांची लागली. कात्री डोळे मिटून ऐकत होते. आता विरघळतोय बघ, बाई मनात म्हणाल्या.

“पहिलं वादन उत्तम,” कात्रींनी डोळे उघडले. “दुसऱ्यात डावा हात ढिला. मधल्या भागात तर अक्षरशः फरफटतो.”

घरी अण्णा ऐकत असणार. नाव गाळून पुढे जाणं सोपं होतं, तंत्रज्ञ काचेपलीकडून तशी खूणही करत होता. पण शेपूट घालणं बाईंच्या रक्तात नव्हतं.

“दुसरे वादक माझे वडील आहेत,” त्या माईकवर खणखणीत म्हणाल्या. “मला ते वादन फार आवडतं, आणि पुढच्या शुक्रवारी मी ते पुन्हा लावणार आहे. आता फोन घेऊ.”

कात्रींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते काही बोलणार तोच फोन लागला.

“नमस्कार. त्या ढिल्या डाव्या हाताचा मालक बोलतोय.”

“अण्णा?” बाई खुर्चीतून उठल्याच.

“समीक्षकांचं बरोबर आहे. तिथे माझा हात फरफटतो.”

कात्री सावरून बसले. “बघा, मी म्हणतच होतो की—”

“थांबा हो, माझं झालं नाही! मागे तुम्ही नुसतंच टोचून लिहिलंत, कुठे चुकतं ते सांगितलंच नाहीत. आज सांगितलंत, बरं वाटलं. पण त्यानंतर उजवा हात सगळं कसं सावरून घेतो, त्यावर मूग गिळून का बसलात? ऐकू नाही आलं?”

“आलं की,” कात्री पुटपुटले. “ते… चांगलंच आहे.”

“नुसतं चांगलं? वाजवूनच दाखवतो. फोन चालू ठेवा. सूनबाई, हे इस्त्रीचे कपडे पियानोवरून उचल आधी!”

खडखड झाली, काहीतरी सरकलं आणि सूर आले. पियानो सुरातून उतरलेला, बोटं आखडलेली. मधल्या भागात डावा हात अडखळला. अण्णा थांबले, तेवढाच भाग पुन्हा घेतला, मग आणखी एकदा. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याची मुळीच लाज वाटत नव्हती. बातम्यांची वेळ झाली, म्हणून तंत्रज्ञ हातवारे करू लागला. बाईंनी त्याच्याकडे चक्क पाठ फिरवली.

कात्री हळूच माईककडे झुकले. “जरा सावकाश घेतलंत तर…”

“गप बसा हो,” पलीकडून अण्णा ओरडले. “रियाज चाललाय.”