घाटावरची टोचनगाडी

मित्रांनो, मी एक जुना दहाचाकी ट्रक आहे. पण माझ्या पाठीवर कधी धान्याची पोती चढली नाहीत, की विटा नाहीत, की वाळू नाही. कारखान्यातच माझ्या पाठीवर एक लांब लोखंडी हात बसवला होता. त्याच्या बुडाशी एक रूळ, त्या रुळावर गुंडाळलेला अंगठ्याएवढा जाड पोलादी दोर आणि दोराच्या टोकाला आकडा. रस्त्यात बंद पडलेल्या, उलटलेल्या, दरीच्या कडेला कलंडलेल्या गाड्या ओढून काढायच्या हे माझं काम. असं ओढून नेण्याला चालक लोक ‘टोचन’ म्हणतात. म्हणून मी टोचनगाडी.

तुम्ही म्हणाल, काय पुण्याचं काम! होतंच. पण एक गोष्ट कारखान्यातून निघताना मला कुणी सांगितली नव्हती. ज्याला मी दिसतो, त्याचा तो दिवस वाईट असतो. लोक माझी डोळ्यांत प्राण आणून वाट बघत, पण मी पोचलो की माझ्याकडे कुणी बघत नसे. सगळ्यांचे डोळे आपापल्या मोडक्या गाडीवर. काम झालं की निघून जात. पुढे कधी त्याच वाटेने गेले तर मान दुसरीकडे वळवत. मला पाहून त्यांना तो दिवस आठवत असणार. एकदा मी प्रवाशांनी भरलेली बस नाल्यातून सरळ उभी केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बसचा मोठा फोटो आला. माझा त्यात फक्त आकडा आला होता, तोही अर्धा.

माझा मुक्काम घाटमाथ्यावर होता. पत्र्याची शेड, शेडला लागून एक खोली, खोलीत टेलिफोन. शेजारी चहाची टपरी आणि टपरीवर मावशी. सुरुवातीला चार-पाच चालक आले नि गेले. एकाला थंडी सोसली नाही, एकाला बायकोने बोलावून घेतलं. मग आला तो टिकला. त्याला सगळे ‘धाकटा’ म्हणत, कारण त्याचा थोरला भाऊ याच घाटात मालाचा ट्रक चालवायचा आणि त्याला सगळा रस्ता ओळखायचा.

धाकटा अंगाने सडपातळ, बोलायला त्याहून काटकसरी. लग्न केलं नव्हतं. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, खिळ्याला एक जाड कोट. माझा गिअर मोठा हट्टी होता. क्लच दोनदा दाबल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही. आधीचे चालक त्याला शिव्या घालत. धाकट्याने पहिल्या दिवशी तो हळूच चाचपला आणि म्हणाला, “बरं. तुझ्या कलाने घेऊ.” तेव्हापासून आमचं जमलं.

सहा वर्षं चांगली गेली. थोरला वर येताना शेडपाशी थांबे, दोघे भाऊ माझ्या पायरीवर बसून चहा पीत. बोलायचा थोरला, धाकटा ऐकायचा आणि मधूनच हसायचा. त्याला गाडी थोरल्यानेच शिकवली होती, कानाला धरून.

मग तो दिवस आला. थोरला घाट उतरायच्या तयारीत शेडपाशी थांबला होता. गाडीत सिमेंट, वर ताडपत्री. धाकटा सहज चाकांपाशी गेला, हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“दादा, ब्रेक तापलेत. वास येतोय. आज उतरू नकोस.”

“सिमेंट भरलंय गाडीत, तापणारच. मला शिकवतोस होय?”

“अस्तर संपलंय. माझं ऐक.”

थोरला हसला आणि पैसे द्यायला टपरीवर गेला. धाकट्याने त्याच्या ट्रकमध्ये चढून किल्ली काढली आणि खिशात टाकली. टपरीवर आठ-दहा चालक बसले होते. सगळ्यांदेखत तो म्हणाला, “मिस्त्री येईपर्यंत ही मिळणार नाही.”

कुणीतरी हसलं. तेवढंच झालं, पण तेवढंच पुरलं. थोरल्याचा चेहरा असा उतरला की मला कसंतरीच झालं. तो म्हणाला, “चार लोकांत माझ्या गाडीची किल्ली काढलीस. आजपासून मला भाऊ नाही.”

मिस्त्री आला, ब्रेक दुरुस्त झाले. थोरला घाट उतरून गेला, तो पुन्हा शेडपाशी कधी थांबला नाही.

अकरा वर्षं, मित्रांनो! दर दिवसाआड दुपारी चारच्या सुमाराला त्याचा ट्रक खालून घरघरत वर यायचा. धाकटा तेव्हा नेमकं काहीतरी काम काढून बाहेर यायचा. कधी माझी काच पुसायचा, कधी उगाच टायर बघायचा. ट्रक समोरून जायचा. थोरला सरळ समोर बघत असायचा, मान ताठ ठेवून. ट्रक वळणाआड गेला की धाकटा फडकं झटकून आत जायचा. मावशी एकदा न राहवून म्हणाली, “अरे, जा की एकदा घरी. पाय धर नि मोकळा हो.”

“गेलो होतो,” धाकटा म्हणाला. “वहिनी दार उघडायला उठली, त्याने उघडू दिलं नाही.”

पुढे तो त्यावर कधी बोलला नाही. बाहेरच्यांसाठी मी आणि धाकटा दोघेही सारखेच होतो. गरज पडली की आठवायचो.

असाच एक पावसाळ्यानंतरचा दिवस. चार वाजले. धाकटा काच पुसायला बाहेर आला. सव्वाचार झाले. काच पुसून लखलखीत झाली, तरी फडकं फिरतच होतं. साडेचारला तो मावशीला म्हणाला, “दादा आला नाही.”

“अरे, उशीर झाला असेल. माल भरायला वेळ लागतो.”

“अकरा वर्षांत इतका नाही लागला.”

त्याने खोलीत डोकावून टेलिफोनकडे पाहिलं. टेलिफोन गप्प होता. नियम असा होता की बोलावणं आल्याशिवाय मला शेडबाहेर काढायचं नाही. धाकटा नियमाचा पक्का माणूस. पण त्या दिवशी त्याने कोटसुद्धा घातला नाही. चढला आणि मला चालू केलं. मावशी ओरडली, “मीही येते,” आणि पदर खोचून शेजारी येऊन बसली.

चौथ्या वळणावर रस्त्याकडेचे दोन दगडी खांब मोडलेले दिसले. खाली वीस-पंचवीस हातांवर थोरल्याचा ट्रक एका झाडाला टेकून आडवा झाला होता. झाडामागे नुसती दरी होती. ते झाड फार जाड नव्हतं.

धाकटा क्षणभर स्टिअरिंगला धरून बसला. मग त्याचे हात आपोआप कामाला लागले. माझी पाठ दरीकडे केली, चाकांना मोठे दगड लावले, आकडा खांद्यावर घेऊन स्वतः घसरत खाली गेला, आकडा ट्रकच्या सांगाड्यात अडकवला आणि वर येऊन रूळ फिरवला. दोर ताठ झाला. सगळं वजन माझ्या पाठीवर आलं, मित्रांनो, आणि माझी पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली.

“नाकाडावर वजन पाहिजे!” धाकटा ओरडला.

येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबल्या होत्या. मावशी सगळ्यांत आधी माझ्या बंपरवर चढून बसली. “मी एकटी तिघांच्या भारी आहे, बाकीच्यांनी लाजू नका!” मग चालक, प्रवासी, एक पेटीवाला न्हावी, असे दहा-बारा जण चढले. माझी चाकं जमिनीला टेकली. धाकट्याने रूळ फिरू नये म्हणून खिटी मारली, केबिनचा पत्रा कापायला करवत घेतली आणि दोन माणसांना घेऊन पुन्हा खाली उतरला.

खालचं बोलणं मला ऐकू येत होतं.

“कोण आहे?” थोरल्याचा आवाज खोल गेला होता.

“मी आहे, दादा.”

नुसती करवत चालली होती.

“तुला कुणी बोलावलं?”

“कुणी नाही.”

“मग कसा आलास?”

“चार वाजून गेले होते.”

पुन्हा करवत. मग थोरला म्हणाला, “आता म्हण एकदाचं. सांगितलं होतं म्हण.”

“काय सांगितलं होतं?”

“ब्रेकचं.”

“ब्रेकचा काय संबंध?” धाकटा म्हणाला. “रस्त्याची कड ढासळलीय. वरून बघून आलोय मी. तुझ्या जागी मी असतो तर मीसुद्धा खालीच आलो असतो.”

मित्रांनो, मी त्या कडेवरच उभा होतो. कड शाबूत होती. माझी मागची आठही चाकं तिच्यावर होती आणि मातीचा खडासुद्धा हलला नव्हता. चढावर ब्रेक न लागता मागे घरंगळलेला ट्रक कसा जातो, हे मी आयुष्यभर पाहिलं होतं आणि धाकट्यानेही. सतरा वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेलं ते एकमेव खोटं.

खालून हुंदका ऐकू आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

“पाय कळत नाहीये रे मला.”

“आहे जागेवर. मी बघतोय पायाकडे. तू माझ्याकडे बघ.”

एक तासाहून जास्त वेळ मी तो ट्रक धरून होतो. थोरल्याला बाहेर काढायच्या थोडं आधी झाड मोडलं. सगळा हिसका माझ्यावर आला. माझ्या पाठीत, केबिनच्या मागे, काडकन आवाज झाला. बंपरवरची माणसं ओरडली, पण एकही खाली उतरला नाही. धाकटा खालून ओरडला, “धर रे! जरासंच धर!”

मी धरलं. मी जिवंत नाही हे मला कळतं, पण त्या वेळी मी धरलं.

थोरल्याला वर आणलं, एका मोटारीने दवाखान्यात नेलं. धाकटाही सोबत गेला. जाताना त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. हात रक्ताने आणि वंगणाने भरलेला होता. त्याचे डाग पुढे बरेच दिवस राहिले. मागे उरलेल्या चालकांनी दोर सोडला तेव्हा रिकामा ट्रक दरीत गेला. त्याचा आवाज ऐकायला दोघा भावांपैकी कुणी नव्हतं, मी आणि मावशी होतो.

थोरला वाचला. गुडघ्याखालचा पाय गेला. माझा मात्र सांगाडा तडकला होता. तपासायला आलेल्या मिस्त्रीने दोन ठिकाणी हातोडी मारून पाहिली आणि मान हलवली. “कणाच गेलाय याचा. आता ओझं देऊ नका.” महिन्याभरात नवी पिवळी क्रेन आली. तिला बटणं होती. मला शेडमागे नेऊन उभं केलं.

मग एके दिवशी वहिनी आली. मी तिला प्रथमच पाहत होतो. ती खोलीत गेली, खाट पाहिली, स्टोव्ह पाहिला आणि म्हणाली, “भावजी, पत्र्याखाली पुष्कळ दिवस काढलेत. ह्यांना उठवायला-बसवायला माणूस लागतं, आणि मला तुमचं नाव घरात मोठ्याने घ्यायचंय. चला.”

धाकटा ट्रंक घेऊन निघाला. निघण्याआधी माझ्याकडे आला. सीटवरची आपली जुनी उशी काढून काखेत घेतली, दोन पावलं गेला, परत आला आणि उशी होती तिथे ठेवून दिली. त्याचा स्वभावच तो.

मला वाईट वाटलं का? वाटलं. ज्या कामाने त्याला भाऊ मिळाला, त्याच कामाने माझा सोबती नेला. पण त्याने जाऊ नये, असं मला एकदाही वाटलं नाही. हे अगदी खरं सांगतो.

पहिली दोन वर्षं तो अधूनमधून यायचा. मग थांबला. माझे टायर कुणी काढून नेले, आरसे गेले. मावशी थकली आणि मुलीकडे राहायला गेली. टपरीच्या जागी आता नुसत्या चार विटा आहेत. केबिनच्या फरशीतून गवत उगवतं नि वाळतं. नव्या क्रेनचा चालक कामाचा आहे. त्याच्यापाशी वेळ नाही.

एकदा भर दुपारी कुबड्यांवर एक म्हातारा आला. थोरला होता. एकटाच बसने आला होता. खांद्यावरच्या पिशवीत तेलाचा डबा. माझ्या रुळापाशी दगडावर बसून त्याने गंजलेल्या दोराला तेल चोळायला सुरुवात केली, वीत वीत करत.

“त्याच्या गुडघ्यांना आता घाट सोसत नाही,” तो म्हणाला. “तुझी आठवण काढतो. म्हटलं, आपण जाऊन यावं.” दोराची पुढची वीत चोळत तो म्हणाला, “कड ढासळली नव्हती. मला तेव्हाच ठाऊक होतं. पण ते मला ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक नाही. तसंच राहू दे.”

दोराला आता काही ओढायचं नव्हतं. तरी त्याने शेवटच्या पेडापर्यंत तेल लावलं, हात गवताला पुसले आणि कुबड्या सावरत उठला.

त्याला चार उन्हाळे झाले. पुन्हा कुणी आलं नाही. दोघे आहेत की नाहीत, मला सांगणारं कुणी नाही. रस्त्यावर बस थांबली की मी कान देतो. ती पुढे निघून जाते.

मित्रांनो, मला ओढून न्यायला या, असं मी म्हणत नाही. माझं वय झालं. पण ज्याचं काम संपलंय, असं कुणी तुमच्या घरात असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला हात लावायला काही उपयोग असावा लागतो, असं समजू नका. तेल थोडं लागतं. थोरल्याने लावलेलं माझ्या दोरावर अजून आहे. पाऊस पडला की पाणी त्याच्यावरून घरंगळून जातं.