काळ्या कांड्यांचा हिवा

मित्रांनो, मी एक जुना हिवा आहे, म्हणजे काळ्या कांड्यांचं कावा नावाचं झाड, ज्याच्या मुळीचं पेय करतात. वय मात्र अवघं दीड वर्ष. हसू नका, आधी ऐकून घ्या.

माझं मूळ घर हवाई बेटांवर. तिथं मला फार मान. घाटघरची स्नेहल तिकडं शिकायला गेली आणि रीतसर कागद करून मला घेऊन आली. विहिरीकडेच्या जांभळीखाली मला लावून परत निघाली. जाताना वडिलांना, सयाजींना, म्हणाली, "आबा, पाच वर्षांनी याची मुळी आपण मिळून पिऊ."

सयाजींनी मला जिवापाड जपलं. त्यांची बायको प्रयागबाई चिडवायच्या, "माझ्याकडं कधी एवढं बघितलं न्हाई!"

मुळी काढली की झाड जाणार, ही सयाजींना धास्ती. "बी धरू दे, मंग उपटू. लेकीची ठेव हाय," म्हणत ते रोज माझे फुलोरे चाचपायचे. मला बी कधीच धरत नाही. पण हे सांगायला मला तोंड कुठं होतं?

पाचव्या दिवाळीला स्नेहल यायची होती. सयाजींनी मन घट्ट करून आदल्या दिवशी मला खणलं आणि कांड्या उकिरड्यावर टाकल्या. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत.

स्नेहलनं मुळी कुटली, थंड पाण्यात कालवली, फडक्यातून गाळली. चव कडू, रंग गढूळ. सयाजींची जीभ बधिरली, खांदे सैल पडले. डोकं मात्र स्वच्छ होतं. दोन घोटांनी माणूस निवांत होतो. त्याहून जास्त पिऊ नये, दारूसोबत तर नकोच.

पेला खाली ठेवून ते म्हणाले, "पोरी, तुझा वाण बुडवला मी. बी काय धरलं न्हाई. तू गेल्यापासनं घर खायला उठतं. ह्या झाडापाशी बसलं की तू जवळ वाटायचीस."

स्नेहलचे डोळे भरून आले. "आबा, फोनवर कधी बोलला का नाय? हे झाड कांडीवरनं येतं. कांड्या कुठायत?"

"उकिरड्यावर. गुरांनी तुडवल्या असतील."

प्रयागबाईंचं माहेर अवसरी खुर्दचं, ऊसवाल्यांचं. त्या ओलं गोणपाट घेऊन आल्या. "डोळा असलेलं बेणं मी फेकू देईन व्हय?" आत कांडीच्या दोन टिपऱ्या होत्या.

त्यातली एक, दीड वर्षापूर्वी लावलेली, म्हणजे मी. तेच झाड, पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा मित्रांनो, मला खणाल तेव्हा एक टिपरी ओल्या मातीत लावा. आणि आपल्या माणसाशी बोलायला पाच वर्षं माझी वाट बघू नका.