आबांच्या पायाखालची धग

कुंडलिकने ट्रक घेतला तेव्हा अख्ख्या अंथुर्ण्याने येऊन टायरांवर हात फिरवला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. पण ज्या एका माणसाने 'आपली गाडी' म्हणावं म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता, तो माणूस काही म्हणेना. गेणबा, म्हणजे कुंडलिकचे आबा, नुसते बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "तुझी ती गाडी." मेंढरं कशी 'आपली', दारातला लिंब 'आपला', शेजाऱ्याचं खरजुलं कुत्रंसुद्धा 'आपलं', आणि ट्रक तेवढा 'तुझा'. आता याला काय म्हणावं!

आबांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी स्वतःच्या तोंडाने कळप विकायला सांगितलं, आणि त्यातूनच हा ट्रक दारात आला. सांगितलं खरं, पण मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडं बघत बसायचे. कुंडलिकला ते दिसायचं. आपण आबांची मेंढरं खाल्ली असं त्याला वाटायचं, आणि ते आबांनी 'आपली गाडी' म्हटल्याशिवाय जाणार नव्हतं.

ट्रक दुसऱ्याच्या हातचा, पण टर्बोचा. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास आपल्याकडं टर्बोची गाडी म्हणजे मिरवायची गोष्ट होती. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा गरगर फिरतो, इंजिनात जादा हवा कोंबतो, आणि गाडी चढाला रडत नाही. पण त्या धुराची सगळी आग पंख्याच्या लोखंडी डब्यात साठते. या गाडीत तो डबा नेमका बॉनेटखाली डाव्या अंगाला, शेजारी बसणाऱ्याच्या पायांसमोर. मधे धग अडवणारा पत्रा असायला हवा. तो आधीच्या मालकाने कुठं घालवला देव जाणे.

पहिल्यांदा कुंडलिकने आबांना मोठ्या हौसेनं बारामतीच्या बाजाराला नेलं. परत येताना आबा एकदा हा पाय उचलायचे, एकदा तो. सणसर आलं तसे म्हणाले, "थांबीव." उतरले, काठी घेतली आणि तडक अंथुर्ण्याच्या वाटेला लागले. कुंडलिक गाडी हळूहळू शेजारून चालवत विनवण्या करतोय, आणि आबा वळूनसुद्धा बघत नाहीत. मागं गाड्यांची ही रांग! सगळ्या सणसरनं तो तमाशा बघितला.

"ती गाडी न्हाय, भट्टी हाय," आबांनी घरी येऊन जाहीर केलं. "म्या न्हाय परत बसायचा."

कुंडलिकची बायको म्हाळसा, तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "बरंच हाय की. गाडीवर भाकरी भाजून घ्या, माझी चूल वाचंल."

तेवढ्यात कुंडलिकच्या बहिणीला, नकोशीला, पणदऱ्यात मुलगा झाला. बारशाचा निरोप आला. आबांचा जीव की प्राण ती लेक. कुंडलिक म्हणाला, आबा, चला माझ्या गाडीतनं. आबा म्हणाले, एस्टीनं जाईन. शेवटी म्हाळसाने मधे तोंड घातलं, "मामंजी, पोराच्या आज्यानं एस्टीच्या गर्दीत चेंगरत जायचं? नकोशीवन्सं काय म्हणतील?" तेव्हा कुठं आबा कबूल झाले. "पर पाय भाजलं तर मधीच उतरंन. आन् पुन्यांदा त्या गाडीचं नाव माझ्यापुढं काढायचं न्हाय."

झालं! कुंडलिक धावत बारामतीला मोहनराव मिस्त्रींकडं गेला. मोहनरावांनी बॉनेट उघडून बघितलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. "एक, डब्याला पत्र्याचं आवरण करून देतो. मधे बोटभर फट ठेवू, वारं खेळलं पाहिजे. दुसरं, गाडी उभी केली की इंजिन झटक्यात बंद करत जाऊ नका. थोडा वेळ हळू चालू ठेवा. पंखा तापलेला असतो, त्याला इंजिनचंच तेल गार करतं. इंजिन बंद केलं की तेलबी थांबतं, आन् आतल्या आत करपतं."

पहिली गोष्ट कुंडलिकला पटली. दुसरी या कानानं ऐकली आणि त्या कानानं सोडून दिली. गाडी उभी आणि इंजिन चालू म्हणजे डिझेलची नासाडी, हे त्याच्या हाडात भिनलेलं. आणि पहिलीही लगेच होईना, कारण पत्रा ठोकून देणारा माणूस गावी गेलेला. आवरण मिळणार बारशानंतर.

मग कुंडलिकनं डोकं चालवलं. अशी अक्कल धनगराच्याच पोराला सुचावी! आबा लहानपणापासून सांगत आलेले, घोंगडं थंडीला आत येऊ देत नाही आणि उन्हालाबी. भर उन्हात डोक्यावर घोंगडं घेऊन आबा गार राहतात, हे त्यानं डोळ्यांनी बघितलेलं. मग टर्बोची धग का नाही अडणार? बारशाच्या दिवशी पहाटे त्यानं वळणीवरचं फाटकं घोंगडं ओढलं, घडी केली आणि टर्बोचा डबा आणि केबिनचा पत्रा यांच्यामधे गच्च कोंबून दिलं. बॉनेट लावताना स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती.

आत आबा शोधाशोध करत होते. "म्हाळसा, माझं घोंगडं कुठं गेलं गं?"

"बारशाला घोंगडं कशाला मामंजी? नवा फेटा बांधलाय की."

कुंडलिक काच पुसत होता. त्यानं ऐकलं, पण लक्ष दिलं नाही.

वाटेत टाकायची पेंडीची पोती गाडीत भरलेली. आबा शेजारी, म्हाळसा मधे. सुरुवातीला पायाला काही लागेना. आबांनी हळूच पाय पसरले. कुंडलिकनं तिरक्या डोळ्यानं ते बघितलं आणि त्याचं काळीज सुपाएवढं झालं. सणसर आलं, सणसर गेलं, आबा उतरले नाहीत! पुढं कालव्याच्या पुलाचा चढ लागला, इंजिननं जोर लावला, आणि आबांनी नाक वर केलं.

"कुंडलिक, लोकर जळतीया."

"कुणीतरी कचरा पेटवला आसंल."

"आरं, जलम गेला लोकरीत. मला शिकवतुस व्हय? लोकर जळतीया!"

बॉनेटच्या फटीतून धूर निघाला. गाडी कडेला घेऊन कुंडलिकनं खटका ओढला, इंजिन बंद केलं आणि उडी मारली. काठीनं ओढून घोंगडं बाहेर काढलं, मातीत आपटलं. निम्मं काळं ठिक्कर पडलेलं. पाठोपाठ उतरलेल्या आबांनी उरलेल्या निम्म्याची किनार बोटांनी चाचपली, आणि कुंडलिकच्या ध्यानात आलं. फाटकं नव्हतं ते, पहाटेच्या अंधारात भलतंच हाती आलं होतं. कळप विकायच्या आधीच्या शेवटच्या कातरणीची लोकर होती ती, आबांचं स्वतःचं घोंगडं.

"मेंढरं गेली," आबा म्हणाले. "लोकर ऱ्हायली हुती, ती तुझ्या भट्टीनं खाल्ली."

कुंडलिक खालीच बसला. "आबा, तुमचं पाय भाजू नयेत म्हून केलं वो. तुमी एकदा बसावं, एवढंच मनात हुतं." आणि एवढा बाप्या माणूस रस्त्याच्या कडेला मुसमुसायला लागला. म्हाळसासुद्धा गप्प. ती गप्प बसली म्हणजे काय ते समजा.

आबांनी काठी ट्रकला टेकवली. मग बॉनेटखाली वाकले. तापलेल्या लोखंडाची टिकटिक चालली होती. "ह्ये का एवढं तापतं?"

कुंडलिकनं डोळे पुसत सांगितलं. पंखा, धूर, पत्रा. मोहनरावांची दुसरी गोष्टही त्याला आता आठवली, तीही चाचरत सांगितली.

"आन् तू आत्ता झटक्यात बंद केलास?"

"रोजच करतुय."

"गाढवा!" आबा कडाडले. "मेंढरू लांबनं पळवत आणलं तर लगी बसवतो का आपण? लगी पाणी दावतो? उभं ऱ्हाऊ देतो, दम टाकू देतो, मग म्होरचं. एवढं बघत मोठा झालास आन् ह्या मुक्याला रोज छाती फुटस्तवर पळवून गचकन आवळतुस?" मग म्हणाले, "भट्टी कशाची? दमतंय बिचारं."

त्यांनी घोंगड्याचा जळका भाग फाडून टाकला. उरलेल्याची घडी केली, आणि बॉनेटखाली नाही, केबिनमधे पायाखाली अंथरली. वर पाय ठेवून बसले. "हाण आता. मधी मधी कुरकुरंन, पर उतरणार न्हाय."

"मामंजी, वास येतोय भाजल्याचा," म्हाळसाला पुन्हा कंठ फुटला. "पाव्हण्यांना वाटंल मटनाचा बेत हाय."

आबा खो खो हसले. पणदऱ्यापर्यंत धग लागली, नाही असं नाही, पण लोकरीवरून पाय हलले नाहीत.

नकोशीच्या दारात मांडव होता. भाकरीचा तुकडा ओवाळायला ती स्वतः बाळाला काखेत घेऊन आली. कुंडलिकनं गाडी उभी केली आणि सवयीनं त्याचा हात खटक्याकडं गेला. आबांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"आबा, उतरा की!" नकोशी बाहेरून ओरडली. "बाया खोळंबल्यात."

"आलू गं पोरी," आबा खिडकीतून म्हणाले. "जरा दम धर. आपली गाडी लांबनं पळत आलीया."

कुंडलिकनं खटक्यावरचा हात काढला आणि समोरच्या काचेतून बघत बसून राहिला. इंजिन हळू आवाजात चालू होतं. म्हाळसानं डोळे पुसायला पदराचं टोक त्याच्या हातात दिलं.