बाबांच्या कपाची खोबण

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ट्रे आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, आणि मधोमध एक गोल खोबण. त्या खोबणीत एकच कप बसतो. तो कप आता काचेच्या कपाटात असतो आणि मी कारखान्यात, मशीनच्या टेबलावर. अंतर पंधरा पावलांचं. पण मला पाय नाहीत आणि त्याला तर नुसता एक कान आहे.

एका सुताराने आयुष्यातला शेवटचा पलंग केला, त्यातून उरलेली फळी म्हणजे मी. त्यानंतर त्याचे हात थरथरायला लागले. आधी करवत सुटली, मग पटाशी सुटली, मग चहाचा कपसुद्धा हातात ठरेना. बशीत तो असा वाजायचा की पाहुणे बोलता बोलता थांबायचे. म्हणून पाहुणे आले की म्हातारा आतल्या खोलीत जाऊन बसे. "माझा झालाय मघाशी," म्हणे. झालेला नसे.

त्याचा सुतारकामाचा कारखाना आता त्याची मुलगी चालवायची. तिच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन होतं. म्हातारा दारातूनच विचारायचा, "काय ठके, तुझं शिवणयंत्र आज काय शिवतंय?"

ठकी हे तिचं लाडाचं नाव. तशी ती चाळिशीची होती.

"बटणं लावतंय. या की बाबा, बसा जरा."

"नको. भुशाने खोकला येतो." सगळा जन्म भुशात काढलेला माणूस हे सांगत होता.

बाबांनी चारचौघांत बसून, स्वतःच्या हाताने चहा प्यावा, एवढंच ठकीला हवं होतं. तिने त्यांचा कप आणला, व्हर्नियरच्या बारीक मोजपट्टीने मोजला, पडद्यावर माझं चित्र काढलं. मला टेबलावर आवळलं. फिरणारं पातं हळूहळू खाली आणलं आणि त्याच्याखाली कागदाचा एक चिटोरा सरकवत राहिली. कागद अडला तिथे तिने खोली मोजायचं शून्य धरलं. मग मशीन सुरू झालं. पाण्यात खडा पडावा तशी माझ्या अंगावर वर्तुळं उठत गेली आणि माझाच भुसा माझ्यावर पडत राहिला. कप खोबणीत टक्कन बसला. ठकी स्वतःशीच हसली. मग तिने मला पॉलिशचे दोन हात दिले आणि तिथेच माशी शिंकली. पॉलिशचा थरही खोबणीतली जागा खातो, हे मशीनला ठाऊक नव्हतं, आणि ठकीने कप पुन्हा घालून पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना म्हाताऱ्याने चहा ओतून घेतला. कप खोबणीत गेला तो रुतलाच. त्याने ओढला, आणखी ओढला, आणि तो सुटला तेव्हा चहा मांडीवर आला. त्याने फरशी पुसली, मला पुसलं आणि कपाटामागे सारून दिलं.

संध्याकाळी ठकीने विचारलं, "ट्रे कसा आहे बाबा?"

"आहे की. ठेवलाय."

तिने पुन्हा विचारलं नाही. मशीनचं काम बाबांना आवडत नाही, असं तिने मनाशी धरलं. बाप एका खोलीत, लेक दुसरीत, आणि मी भिंतीला पाठ लावून. झाडाला पानं असतात, पानांना वारा असतो. फळीला काय असतं? भिंत असते आणि धूळ असते.

एके दुपारी म्हाताऱ्याने मला बाहेर ओढलं. अंगठ्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि खोबणीच्या कडेला लावला. "हात नाहीतरी हलतोच आहे," तो मला म्हणाला, "मग फुकट कशाला हलू द्यायचा?" त्याने घासलं, फुंकलं, कप घालून पाहिला, पुन्हा घासलं. अशा सोळा दुपारी गेल्या. पडलेली पूड तो कागदात बांधून बाहेर टाकून येई, लेकीला दिसू नये म्हणून. शेवटी तेलाचा बोळा फिरवला आणि मला काखेत मारून थेट कारखान्यात गेला.

"ठके, चहा टाक. माझाही."

गिऱ्हाइकं होती, पॉलिशवाला होता. कप हलला नाही, वाजला नाही. दोन्ही हातांनी उचलून तो घोटघोट प्यायला आणि म्हणाला, "बरं काम करतं तुझं शिवणयंत्र."

ठकीने तोंड फिरवलं आणि बंद मशीनचं बटण उगाच तपासत राहिली.

पाच वर्षं आम्ही रोज कारखान्यात चहा घेतला. मग एक दिवस कप आला नाही, आणि म्हाताराही आला नाही. ठकीने कप काचेत ठेवला, मला कपाटावर. "बाबांची आठवण आहे, कुणी हात लावायचा नाही." कुणी लावला नाही. मित्रांनो, मायेने टाकून दिलेलं कळतसुद्धा नाही कुणाला.

मग गल्लीतली शिलाईवाली आली. तिच्या सासूचेही हात थरथरत होते. ठकीने सासूबाईंचा कप मोजला, तो नेमका बाबांच्याच मापाचा निघाला. म्हणून जुन्याच फाईलवर ट्रे कोरून, पॉलिश करून दिला. आठव्या दिवशी शिलाईवाली तो घेऊन परत हजर.

"अहो ताई, कप आत गेला तो निघेचना. सासूबाई विचारतात, चहा प्यायचा की विहिरीतून बादली ओढायची?"

"असं होणारच नाही. माप तेच, फाईल तीच. बाबांनी पाच वर्षं वापरला."

पुरावा म्हणून तिने मला खाली काढलं, धूळ पुसली, खोबणीत व्हर्नियर घातलं. आकडा पाहिला, फाईलमधल्यापेक्षा मोठा. परत घातलं, परत पाहिला. मग तिने अंगठा आत फिरवला. एक बाजू जरा जास्त झिजलेली होती, आणि कडेला बारीक लाटा होत्या. मशीनच्या हातून अशा लाटा उठत नाहीत.

"काय झालं ताई?"

"बाबांनी घासलाय हा." ती खाली बसली. "मला बोलले नाहीत."

शिलाईवालीने नवा ट्रे तिच्यासमोर सरकवला. ठकीने अंगठ्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि दिवस मावळेपर्यंत घासत राहिली.

तेव्हापासून मी या टेबलावर आहे. नवीन काम लावण्याआधी ठकी माझ्या खोबणीत अंगठा ठेवून थोडा वेळ उभी राहते. तिला काहीतरी विचारायचं असतं. त्या सोळा दुपारी मी पाहिल्यात, पण मला सांगता येत नाही, आणि सांगू शकणारा आता नाही.

तुमच्या घरात हाताला कुठेच न टोचणारी, कुठेच न अडणारी एखादी वस्तू असेल, तर ती कुणीतरी घासून ठेवलेली असते. तिची धूळ पुसाच. पण त्याआधी घरातल्या त्या माणसाजवळ जाऊन बसा, आणि विचारा, कुठे काही अडतंय का. ते माणूस "काही नाही" म्हणेल. तरी थोडा वेळ बसून राहा.